मासा शिजतो, वावडे शिजत नाही

"डॉक्टर, मासळी अगदी ताजी होती. चांगली रटरटा उकळली होती. मग बाधली कशी?"

किनाऱ्यावरच्या तालुक्यात दवाखाना थाटून बसलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा प्रश्न दरवर्षी अनेकदा ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा चेहरा खरोखरच गोंधळलेला असतो. कारण विस्तवावर चढलेली वस्तू निर्दोष होते, ही आपल्या मनातली पक्की समजूत. आणि ती समजूत पसरवली कोणी? आम्ही डॉक्टरांनीच! पाणी उकळून प्या, दूध उकळून प्या, उघड्यावरचे खाऊ नका, गरम गरम खा, असे आम्ही उठता-बसता सांगत असतो. जंतूंच्या बाबतीत ते सोळा आणे खरेही आहे. पण वावडे म्हणजे जंतू नव्हेत. मासळीचे वावडे, म्हणजे अॅलर्जी, हे उकळून, तळून, भाजून किंवा खारवून जात नाही. हे मला शिकवले ते एका सात वर्षांच्या मुलाने. शिकताना चूक माझी झाली होती, म्हणून आज ती गोष्ट वाचकांपुढे मांडतो.

माझी चूक

१९९८ सालची गोष्ट. मी नुकताच दवाखाना सुरू केला होता. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. तळलेल्या पापलेटचा तुकडा खाऊन त्याचे ओठ सुजले होते आणि अंगभर गांधी उठल्या होत्या. घरी आजीने आमसुलाचे पाणी अंगाला चोळून झाले होते. मी अॅव्हिलचे इंजेक्शन दिले. तासाभरात गांधी बसल्या. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "वहिनी, मासळी शिळी असेल. यापुढे ताजी बघून घ्या, तळलेले देऊ नका, चांगली उकळून द्या."

ती म्हणाली, "डॉक्टर, मी मासळी विकते. माझ्या घरात शिळी कशी येईल? सकाळी होडीतून उतरलेली होती."

मी नुसता हसलो. तिचे म्हणणे मला पटले नाही. आज कबूल करतो की माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होते.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि बांगडा आला. मी सांगितल्याप्रमाणे तिने कालवण अर्धा तास उकळले. आजीने बाधू नये म्हणून त्यात तिरफळे आणि आमसुले टाकली. मुलाला तुकडाही दिला नाही, फक्त भातावर रस्सा वाढला. दहा मिनिटांत पोराला ओकाऱ्या सुरू झाल्या, घसा खवखवू लागला, आवाज बसला. शेजाऱ्याने एम-८० गाडीवरून त्याला माझ्याकडे आणले, तेव्हा छातीतून शिटीसारखा आवाज येत होता, हातपाय गार पडले होते आणि नाडी कशीबशी लागत होती. टेबलाच्या खणात अॅड्रेनलिनचे एकच अॅम्प्यूल होते. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मी ते कातडीखाली टोचले. दुसरे अॅम्प्यूल जवळ नव्हते. शेजाऱ्याच्या टेम्पोत त्याला घालून मी स्वतः बरोबर बसलो आणि रुग्णालय गाठले. सलाइन लागले, औषध पुन्हा दिले गेले आणि मूल वाचले.

रात्री त्याची आई माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच ना म्हणालात, उकळून दे?"

या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी पुढे बरेच वाचावे लागले. त्याचेच सार आज देत आहे.

पहारेकऱ्याची गफलत

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी यंत्रणा असते, हे वाचकांना ठाऊक आहेच. बाहेरून आलेली वस्तू आपली की परकी, मित्र की शत्रू, हे ती ओळखते. काही माणसांत या पहारेकऱ्याची गफलत होते. अन्नासारख्या निरुपद्रवी पाहुण्यालाच तो चोर समजतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे शत्रूला नेमके पकडणारी प्रथिने, तयार करून ठेवतो. पुढच्या वेळी तोच पाहुणा आला की ही प्रतिपिंडे आरोळी ठोकतात. कातडी, नाक, छाती, आतडी यांत पेरलेल्या विशिष्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिनसारखी तीव्र द्रव्ये रक्तात ओततात. मग गांधी उठतात, सूज येते, दम लागतो, ओकारी होते, रक्तदाब घसरतो. 'अॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्केट या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये बनवला. आपल्या मराठीत 'वावडे' हा शब्द त्याआधीपासून आहे आणि तो नेमका आहे.

गंमत अशी, की या प्रतिपिंडांचा पहिला पुरावा मासळीनेच मिळवून दिला. १९२१ सालची गोष्ट. तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रॉत्सवाफ येथे, प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनर यांना मासळीचे वावडे होते. प्राउसनिट्झ यांना ते नव्हते. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव काढून स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला, तर तिथे झरझर गांध उठली! वावडे रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, म्हणजे रक्तात काहीतरी आहे, हे सिद्ध झाले. त्या 'काहीतरी'चा छडा लागायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी ते प्रतिपिंड शोधले. आज त्याला आयजीई म्हणतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. क्युस्टनर यांना कच्च्या मासळीच्या अर्काने काही होत नसे, शिजवलेल्या मासळीनेच त्रास होई. म्हणजे शिजवल्याने वावडे टळते ही समजूत शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरली होती. मी मात्र १९९८ मध्ये तीच एका आईला सांगत होतो.

दोन बटणांची घडी

मासळीत असे काय आहे, की जे विस्तवालाही दाद देत नाही? याचा शोध मुख्यतः नॉर्वेत लागला. कॉड हा तिथला रोजच्या जेवणातला मासा. त्या देशातील आस आणि एल्सायेद या संशोधकांनी १९६० नंतरच्या काळात कॉडच्या स्नायूंतून वावडे आणणारे प्रथिन वेगळे काढले. त्याला त्यांनी 'अॅलर्जेन एम' असे नाव दिले. १९७५ मध्ये एल्सायेद आणि वर उल्लेख आलेले बेनिक यांनी त्या प्रथिनाची पूर्ण रचना प्रसिद्ध केली. ११३ अमायनो आम्लांची ती एक छोटीशी माळ निघाली. या प्रथिनाचे नाव पार्व्हाल्ब्युमिन.

माशाच्या अंगात त्याचे काम काय? जाळ्यात सापडलेला मासा कसा विजेसारखा शेपटी मारतो, ते आपण पाहिलेच आहे. स्नायू आवळला जातो तो त्यात कॅल्शियम सुटल्यामुळे, आणि तो सैल पडतो ते कॅल्शियम उचलले गेल्यावर. शेपटीचा एक फटकारा मारून लगेच दुसरा मारायचा, तर कॅल्शियम झटपट उचलले गेले पाहिजे. हे उचलण्याचे काम पार्व्हाल्ब्युमिन करते. म्हणून माशाच्या पांढऱ्या, चपळ मांसात ते भरपूर असते.

हे प्रथिन दिसते कसे, ते १९७३ मध्ये अमेरिकेतील क्रेट्सिंजर आणि नॉकल्ड्स यांनी कार्प माशाच्या प्रथिनावरून दाखवले. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला गोड्या पाण्यातला मासा. या प्रथिनाच्या माळेत सहा मळसूत्री तुकडे आहेत. दोन मळसूत्रे आणि मधे एक वळण, असे तीन जोड होतात. त्यांपैकी दोन जोडांच्या वळणांत कॅल्शियमचा एकेक कण घट्ट बसतो. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ताठ करा व मधले बोट आत वळवा, तशी ती रचना दिसते. म्हणून शास्त्रज्ञ तिला चक्क 'हात' असे म्हणतात.

आता स्वयंपाकघरात या. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर टाकला की घट्ट होतो आणि थंड केला तरी पुन्हा पातळ होत नाही. याचे कारण त्यातील प्रथिनांची घडी उष्णतेने विस्कटते आणि उलगडलेले धागे एकमेकांत अडकून बसतात. माशाचे मांसही शिजताना पांढरे आणि घट्ट होते, कारण त्यातल्या बहुतेक प्रथिनांची तीच गत होते. पण पार्व्हाल्ब्युमिनची गोष्ट निराळी. सदऱ्याला दोन मजबूत बटणे असावीत, तसे कॅल्शियमचे दोन कण त्याची घडी धरून ठेवतात. ती घडी मोडायला पाणी उकळते त्याच्या आसपासची उष्णता लागते, आणि भांडे खाली उतरून निवले की हे प्रथिन पुन्हा आपली मूळ घडी घालून बसते! शरीराचा पहारेकरी ज्या चेहऱ्याने या प्रथिनाला ओळखतो, तो चेहरा या घडीतच आहे. घडी शाबूत, तर वावडेही शाबूत.

हे असेच आहे याचा उलटा पुरावाही आहे. प्रयोगशाळेत या प्रथिनातून कॅल्शियम काढून घेतले, म्हणजे बटणे तोडली, तर घडी सैल पडते आणि अॅलर्जी असलेल्यांची प्रतिपिंडे त्याला पूर्वीसारखी धरत नाहीत. पण चुलीवर कॅल्शियम निघून जात नाही. आमसुलाची किंवा लिंबाची आंबटाई त्याला पुरी पडत नाही. तिरफळाचा तर येथे काहीच संबंध नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीच्या आईला सांगायची राहिली होती. हे प्रथिन पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे उकळताना ते तुकड्यातून निघून रश्श्यात उतरते. "तुकडा नको, नुसता रस्सा घे," हा आपल्याकडचा प्रेमाचा आग्रह म्हणूनच धोक्याचा आहे. त्या मुलाला बाधला तो रस्साच.

पोटातले तीव्र आम्ल आणि पाचकरस मात्र या प्रथिनाचे तुकडे करू शकतात. व्हिएन्नातील संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांवर दाखवले की आम्लता कमी करणारी औषधे दिली, तर हे प्रथिन नीट पचत नाही आणि उंदरांना मासळीचे वावडे जडू शकते. उंदरांवरून माणसाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध कोणी परस्पर बंदही करू नये. पण जरा जळजळले की दुकानातून अॅसिडिटीची गोळी आणून महिनोन्महिने खाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एक मासा की सगळेच?

"मला पापलेट बाधते, सुरमई चालेल का?" हा पुढचा प्रश्न. निरनिराळ्या माशांची पार्व्हाल्ब्युमिने एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे एका माशाचे वावडे असणाऱ्या पुष्कळांना इतर काटेरी मासेही बाधतात. मग तो मासा समुद्रातला असो वा नदीतला. काही थोड्यांना मात्र एखादाच मासा बाधतो.

माशामाशांत फरकही आहे. पांढऱ्या मांसात हे प्रथिन जास्त, गडद लाल मांसात कमी. ट्यूना, म्हणजे आपला कुपा, याच्या मांसात ते बरेच कमी असते. मुशी आणि पाकट यांना काट्यांऐवजी कूर्चा असतात. त्यांच्यातले पार्व्हाल्ब्युमिन निराळ्या जातीचे असते आणि वावडे असलेल्या काही रुग्णांना हे मासे चालल्याचे आढळले आहे. पण हे वाचून कोणी घरी मुशी आणून परीक्षा पाहू नये! अशी परीक्षा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, औषधांची तयारी असलेल्या रुग्णालयातच घ्यायची असते. शिवाय काही लोकांना पार्व्हाल्ब्युमिन सोडून माशातील दुसऱ्याच प्रथिनांचे वावडे असते.

कोळंबी, खेकडे, शेवंड यांचे खाते वेगळे आहे. ते मासे नव्हेतच. त्यांतले वावडे आणणारे मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. १९९३ मध्ये ते ओळखणाऱ्या संशोधकांत बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे सुब्बा राव होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. म्हणून एखाद्याला मासा बाधतो पण कोळंबी चालते, तर दुसऱ्याला याच्या उलट, असे घडते. ट्रोपोमायोसिनही उकळून जात नाही. आपला सुका जवळा याच वर्गातला.

दोष मासळीचा की शरीराचा?

मासळी खाऊन अंगावर आले म्हणजे प्रत्येक वेळी अॅलर्जीच असे मात्र समजू नये. बांगडा, कुपा, तारली यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासळी बर्फाविना उन्हात राहिली की जंतू त्याचे हिस्टामिन बनवतात. अशी मासळी खाल्ली की काही मिनिटांत किंवा तासाभरात तोंड लाल होते, कानशिले तापतात, डोके दुखते, छाती धडधडते, क्वचित गांधीही उठतात. खाताना जिभेला तिखट, झिणझिणल्यासारखे लागले, असे काहीजण सांगतात. हे वावडे नव्हे, विषबाधा आहे. हे हिस्टामिनदेखील उकळून नाहीसे होत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी खूण मी सांगत असतो. ताटावर बसलेल्या बऱ्याच जणांना एकदम त्रास झाला, तर दोष मासळीचा. पाच जणांनी खाल्ले आणि एकालाच झाला, विशेषतः त्याच एकाला पुन्हा पुन्हा झाला, तर दोष बहुधा त्याच्या शरीराच्या पहारेकऱ्याचा. ही खूण शंभर टक्के नाही, पण विचाराला दिशा देते. १९९८ मध्ये मी एवढेच विचारले असते, की "घरात आणखी कोणाला झाले का?", तर माझा सल्ला बदलला असता. विषबाधेत पुढच्या वेळी ताजा मासा खायला हरकत नसते. वावड्यात ताजा मासादेखील जीव घेऊ शकतो. नक्की निदानासाठी कातडीवरची चाचणी आणि रक्तातील आयजीईची तपासणी शहरांत होते. पण नुसत्या कागदावरून निदान होत नाही, रुग्णाची हकीकतही तितकीच महत्त्वाची.

अशा वेळी काय करावे?

खाल्ल्यावर नुसत्या चार गांधी उठल्या, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन लक्ष ठेवावे. पण पुढीलपैकी काहीही दिसले, तर एक मिनिटही दवडू नये: घसा आवळणे, आवाज बसणे, जीभ सुजणे, दम लागणे, शिटीसारखा आवाज, वारंवार ओकाऱ्या, चक्कर, हातपाय गार पडणे, शुद्ध हरपणे. अंगावर गांधी नसल्या तरी हा धोका असू शकतो.

अशा रुग्णाला आडवे झोपवून पाय थोडे उंच ठेवावेत. दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. तोंडाने पाणी, सरबत, काढा काही देऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने, शक्यतो आडवे ठेवून, जवळच्या डॉक्टरकडे न्यावे. जीव वाचवणारे औषध एकच, अॅड्रेनलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचे असते आणि गरज पडल्यास काही मिनिटांनी पुन्हा द्यावे लागते. अॅव्हिल, सेट्रिझिन किंवा स्टिरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. बरे वाटल्यावरही काही तास देखरेखीखाली राहावे, कारण एकदा ओसरलेला त्रास पुन्हा उसळू शकतो. माझ्या तरुण व्यवसायबंधूंना एवढेच सांगेन, की खणात एक नव्हे, चार अॅम्प्यूल ठेवा आणि त्यांवरची तारीख दर महिन्याला पाहा.

रोजच्या व्यवहारात

दूध किंवा अंडे न सोसणारी बरीच मुले मोठेपणी त्यातून सुटतात. मासळीचे वावडे मात्र बहुतेकांत दीर्घकाळ, पुष्कळदा जन्मभर टिकते. म्हणून सवयीच बदलाव्या लागतात.

१. ज्याला मासळी बाधते त्याला रस्सा, सुकी मासळी, माशाचे लोणचे आणि गाबोळी यांतले काहीही देऊ नये.

२. ज्या तेलात मासा तळला त्यात बटाट्याची भजी तळून देऊ नयेत. तवा, झारा, डाव वेगळे ठेवावेत किंवा साबणाने स्वच्छ धुवावेत. खानावळीत 'शाकाहारी थाळी' मागितली तरी तळणाचे तेल कोणते, हे विचारावे.

३. काहींना मासा शिजतानाच्या वाफेनेही शिंका येतात, दम लागतो. त्यांना स्वयंपाकघरापासून दूर बसवावे.

४. बंद पाकिटांवरचा मजकूर वाचावा. २०२० च्या नियमांनुसार मासे आणि कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातील घटक असल्यास तसे पाकिटावर छापावे लागते. वूस्टरशायर सॉसमध्ये मासा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

५. शाळेत शिक्षकांना आणि लग्नकार्यात यजमानांना आधीच सांगून ठेवावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि एक विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना. घाटावरून आमच्या भागात सून म्हणून आलेल्या एका मुलीला मासळीने ओठ सुजत. "नखरे आहेत, सवय होईल," असे म्हणून तिला रोज थोडा थोडा रस्सा वाढत. सुदैवाने तिच्या सासऱ्यांनीच एक दिवस तिला माझ्याकडे आणले आणि ते थांबले. सवयीने वावडे जात नाही. आग्रह हा आपल्याकडे पाहुणचाराचा भाग आहे, पण येथे तो जिवावर बेतू शकतो.

पुढे काय?

शास्त्रज्ञांनी हात टेकलेले नाहीत. ज्या बटणांमुळे हे प्रथिन इतके चिवट झाले, तीच तोडायची असा विचार व्हिएन्नातील संशोधकांनी केला. कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनमधील कॅल्शियम धरणाऱ्या जागाच बदलून त्यांनी एक सौम्य प्रथिन तयार केले आणि त्याची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. असे प्रथिन थोडे थोडे टोचून पहारेकऱ्याला शहाणे करावे, अशी कल्पना आहे. पण ज्याच्या भरवशावर बांगडा खावा, अशी लस मी माझ्या दवाखान्यात देऊ शकत नाही. तोवर मासळी टाळणे हाच उपाय.

तो मुलगा आता वायरमन आहे. गेल्या गणपतीत आपल्या लहान मुलीला घेऊन तो आला होता. "डॉक्टर, माझे वावडे हिला आले असेल का? हिला मासा द्यायचा की नाही?" मी म्हणालो, वावड्याची प्रवृत्ती घराण्यात असू शकते, पण बापाला मासा बाधतो म्हणून मुलीला बाधेलच असे नाही. तिला इसब किंवा दमा नाही, कशाने कधी अंगावर आलेले नाही. तेव्हा उगाच भीतीपोटी तिचे अन्न तोडू नका. पहिल्यांदा अगदी थोडे द्यायचे, सकाळी, दवाखाना उघडा असताना. आणि तेही आजीच्या हातून, बापाच्या ताटापासून लांब.

आजी, म्हणजे तीच मासळीवाली, दारातच उभी होती. ती अजून बाजारात बसते. घरी आली की साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मुलाच्या ताटाला हात लावत नाही. इतकी वर्षे त्याचा तवा वेगळा, डाव वेगळा. मी तिला विचारले, "वहिनी, नातीला मासा उकळून देणार की तळून?"

ती हसून म्हणाली, "त्याने काय फरक पडतो, डॉक्टर?"